माएबूर: उसाच्या बेटावरच्या छोट्या गावात पहिला आठवडा

मॉरिशसला येणारे बहुतेक मराठी पर्यटक विमानतळावरून थेट उत्तरेच्या नाहीतर पश्चिमेच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टला जातात. विमानतळापासून पाच-सहा किलोमीटरवर, उलट दिशेला, समुद्राकाठी एक गाव आहे. ते त्यांच्या पाठीमागेच राहून जातं. हा लेख त्या गावी राहायला जाणाऱ्यांसाठी आहे. कामासाठी काही महिने जात असाल किंवा नुसती सुट्टी असेल, पहिला आठवडा इथे काढा असं मी आग्रहाने सांगतो. मी कोल्हापूरकडचा, ऊसपट्ट्यात वाढलेला माणूस. हे बेट मला समुद्रावरून कळलं नाही, या गावाभोवतीच्या उसावरून कळलं.

आधी नाव नीट म्हणायला शिका

इंग्रजी अक्षरांवरून आपण ‘माहेबूर्ग’ वाचतो. तिथे तसं म्हटलंत तर बसवाला क्षणभर गोंधळेल. फ्रेंच उच्चार ‘माएबूर’, आणि घाईत बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘माईबूर’. फ्रेंच गव्हर्नर माए द ला बूर्दोने १७३५ मध्ये या बेटावर आला. त्याच्या नावावरून हे नाव पडलं. गाव मात्र त्याने वसवलं नाही. ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शेवटचा फ्रेंच गव्हर्नर दकां याच्या काळात आखलं गेलं. सरळ, रुंद, काटकोनात छेदणारे रस्ते त्या आखणीचेच आहेत, त्यामुळे इथे हरवणं अवघड. सरकारदरबारी आजही हे शहर नाही, गावच आहे. इथे नगरपालिका नसून ग्रामपरिषद आहे. वस्ती साधारण पंधरा-सोळा हजारांची.

निघण्यापूर्वी

पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद हाताशी ठेवा. प्रवासाचा ऑनलाइन फॉर्म घरूनच भरा, रांगेत उभं राहून फोनवर भरण्यात अर्धा तास जातो. मुंबईहून थेट विमान सुमारे सहा तासांत पोचवतं. घड्याळ दीड तास मागे करायचं. विजेचा प्लग बहुतेक ठिकाणी ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा असतो. अॅडाप्टर इथूनच न्या.

महिना निवडताना आपले ऋतू उलटे करून पाहा. मे ते ऑक्टोबर हिवाळा, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा. माएबूर बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे आणि हिवाळ्यात वारा नेमका तिकडूनच येतो. जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी अंगावर पातळ स्वेटर लागतो. ‘उष्ण कटिबंधातलं बेट’ म्हणून नुसते सुती कपडे घेऊन येणारे पहिल्याच रात्री कुडकुडतात.

उतरल्यावर पहिला तास

विमानतळावरच सिमकार्ड घ्या आणि थोडे पैसे बदलून घ्या. चलन रुपयाच आहे, पण मॉरिशसचा. त्याची किंमत आपल्या रुपयाहून जास्त आहे, हे पहिले दोन दिवस सारखं विसरायला होतं. फेब्रुवारी २०२४ पासून इथे यूपीआय सुरू झालं आहे, तरी बाजारात आणि बसमध्ये रोखच लागते. सुट्टे ठेवा.

सामान कमी असेल तर बसने जा. पोर्ट लुई ते माएबूर ही बस विमानतळावरून जाते. कंडक्टर तिकीट फाडून देतो, अगदी आपल्या एसटीसारखं, आणि उतरायचं असलं की बेल दाबायची. टॅक्सी केलीत तर भाडं बसण्याआधी ठरवा, मीटरवर कुणी जात नाही. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बसगाड्या संध्याकाळी लवकर थांबतात. अंधार पडल्यावर दुसऱ्या गावाहून परत यायचं असेल तर सोय आधी करून ठेवा.

वाटेत दोन्ही बाजूंना ऊस दिसेल. उसाच्या मधेच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील, काही तर घराएवढे. पहिल्यांदा मी ते पाहिले तेव्हा मला ओळखीचे वाटले, आणि ती ओळख खोटी नव्हती. तो बेसाल्ट आहे, सह्याद्रीचा असतो तोच दगड. भूगर्भशास्त्रज्ञ मानतात की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा जमिनीखालच्या ज्या तप्त ठिकाणामुळे वर आला, त्याच ठिकाणाने पुढे कितीतरी काळाने हे बेट घडवलं. आपली जमीन उत्तरेकडे सरकत गेली, ते ठिकाण मागे राहिलं. शेतातले ते ढीग मात्र माणसांनी रचलेले आहेत. गुलामांनी आणि त्यांच्यानंतर करारावर मजुरीला आलेल्या गिरमिटियांनी एकेक दगड हाताने उचलून जमीन मोकळी केली, तेव्हा इथे ऊस लागला.

पहिल्या संध्याकाळी नुसतं चाला

बसस्थानक, बाजार आणि समुद्र एकमेकांना लागूनच आहेत. तिथून किनाऱ्याच्या बाजूने चालत राहा. समोर उपसागर, पलीकडे सिंह डोकं वर करून बसल्यासारखा दिसणारा लायन डोंगर, आणि पाण्यात एका इवल्या बेटावर लाल छपराचं एकच घर. त्या बेटाचं नाव मुश्वार रूझ, म्हणजे लाल रुमाल. प्वांत दे रेगात या टोकाला १८१० च्या लढाईत मेलेल्या फ्रेंच आणि इंग्रज अशा दोन्ही बाजूंच्या सैनिकांचं एकत्र स्मारक आहे. परत फिरताना गावातून या: फिकट पिवळं नोत्र दाम दे झांज चर्च, मशीद, रंगीत गोपुराचं तमिळ कोविल. घरांच्या दारांत लाल झेंड्यांची छोटी हनुमानाची ठाणी दिसतील. घर हिंदू आहे हे त्यावरून ओळखता येतं.

दुकानं लवकर बंद होतात, आणि रविवारी दुपारनंतर गाव झोपल्यासारखं असतं. दूध-पाव, पाण्याची बाटली त्याआधी घेऊन ठेवा.

चार शब्द क्रिओल

इंग्रजीने काम चालतं. हिंदीही काहींना समजते, जुन्या माणसांना भोजपुरी येते. पण घरातली, बाजारातली, भांडणाची आणि प्रेमाची भाषा क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली इथली बोली. इंग्रजांनी १८१० मध्ये बेट घेतलं तेव्हा शरणागतीच्या करारात रहिवाशांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज तसेच ठेवण्याचं मान्य केलं. म्हणून दीडशे वर्षांहून जास्त इंग्रजी राज्य होऊनही वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये निघतात आणि लोक क्रिओल बोलतात.

दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणा. ते न म्हणता थेट भाव विचारणं उद्धटपणाचं वाटतं. ‘कि मान्येर?’ म्हणजे कसं काय. उत्तर ‘कोरेक’, ठीक. ‘कोम्ये?’ म्हणजे किती. ‘कोत’ म्हणजे कुठे. शाकाहारी असाल तर हे वाक्य पाठ करा: ‘मो पा मांझ लाव्यान, मो पा मांझ प्वासों’, मी मांस खात नाही, मासे खात नाही. दोन्ही म्हणा, कारण नुसतं पहिलं म्हटलं तर पुढ्यात मासे येऊ शकतात. निरोप घेताना लोक ‘सलाम’ म्हणतात, मग माणूस कुठल्याही धर्माचा असो.

सोमवार राखून ठेवा

माएबूरमध्ये एकच दिवस मिळणार असेल तर तो सोमवार असू द्या. रोजचा भाजीबाजार असतोच, पण सोमवारी आठवड्याचा बाजार भरतो आणि आसपासच्या गावांतून माणसं येतात. एका बाजूला कपडे, भांडी, प्लॅस्टिकच्या वस्तू, दुसऱ्या बाजूला भाजी आणि खाणं. सकाळी लवकर जा. उन्हं चढल्यावर गर्दीत उभं राहवत नाही, आणि चांगली भाजी तोवर संपलेली असते.

भाजीच्या गाळ्यांपाशी जरा वेळ काढा. नावं विचारा. भेंडीला ‘लालो’ म्हणतात, कारल्याला ‘मार्गोज’, वांग्याला ‘ब्रेंझेल’, पडवळाला ‘पातोल’, दोडक्याला ‘पिपंगाय’. कोथिंबिरीची ‘कोतोमिली’ आणि कढीपत्त्याचं ‘कारीपुले’ हे तमिळ मजुरांबरोबर आलेले शब्द आहेत. पालेभाजी म्हणजे ‘ब्रेद’: शेवग्याचा पाला ‘ब्रेद मुरूम’, अळूची पानं ‘ब्रेद सोंज’. शेंगदाण्यांना ‘पिस्तास’ म्हणतात. पिस्ते समजून पिशवी भरून घेऊ नका. ज्या भाज्या घेऊन ही माणसं जहाजातून उतरली, त्यांची नावं चार भाषांतून घासून घासून अशी झाली आहेत. या बेटावर कोण कुठून आलं ते सांगणारा याहून चांगला दस्तऐवज मला सापडलेला नाही.

या ‘सोंज’वरून आठवलं. विमानतळाजवळ मार ओ सोंज नावाची दलदल आहे, म्हणजे सरळ मराठीत अळवाचं तळं. माएबूरमधला एक शाळामास्तर, जॉर्ज क्लार्क, वर्षानुवर्षं डोडो पक्ष्याची हाडं शोधत होता. १८६५ मध्ये त्या तळ्यात त्याला ती सापडली. जगातल्या संग्रहालयांत डोडोचे जे सांगाडे उभे आहेत, त्यांतल्या बऱ्याच सांगाड्यांची हाडं या अळवाच्या तळ्यातली आहेत.

आता खाणं. बाजारात शिरल्यावर पहिलं काम डाळपुरी खाण्याचं. तिकडे ‘धोल पुरी’ म्हणतात. पिवळी डाळ शिजवून, बारीक करून, मऊ पातळ पोळीत भरलेली. आपल्या घरच्या बाईने पाहिली तर ती म्हणेल, ही तर गूळ न घातलेली पुरणपोळी. ‘एन पेर’ म्हणा, कारण ती जोडीनेच मिळते. आत मोठ्या वालासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय (मसालेदार घट्ट रस्सा) आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून देतात. ठेचा खरोखरच तिखट असतो. कोल्हापूरच्या माणसाने सांगितलं म्हणून विश्वास ठेवा. शेजारी ‘गातो पिमां’ मिळतील, ते डाळवड्यासारखे. पावात घालून खा. उकाडा असेल तर ‘आलुदा’ प्या: दूध, सब्जा आणि चायनाग्रासचे तुकडे, फालुद्याचंच भावंड.

पूल ओलांडून बिस्किटांपर्यंत

गावाच्या उत्तरेला ला शो नदी समुद्राला मिळते. तिच्यावरचा कॅव्हेंडिश पूल ओलांडला की व्हिल न्वार ही वस्ती. तिथे रो घराण्याचा कारखाना १८७० पासून कसाव्याची बिस्किटं करतो. कसावा म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा होतो तोच कंद. कंद सोलणं, किसणं, पिळून पाणी काढणं, पीठ चाळणं आणि मग तापल्या तव्यांवर साच्यांत घालून भाजणं, हे सगळं समोर पाहता येतं. भट्टीत काय जळतंय ते बघायला विसरू नका. ते पाचट असतं, उसाचं वाळलेलं पान. चहाबरोबर नारळाची आणि दालचिनीची बिस्किटं चाखून मग ठरवा. मला साधी लोण्याची आवडतात. गव्हाचा कणही नसतो, त्यामुळे ज्यांना गहू चालत नाही त्यांना निर्धास्त देता येतील.

संग्रहालय, आणि त्याच्या उपसागरातली लढाई

गावाच्या दक्षिण वेशीवर झाडांच्या आत एक जुना फ्रेंच वाडा आहे. तेच राष्ट्रीय इतिहास संग्रहालय. उघडण्याच्या वेळा आधी विचारून जा. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्या उपसागरात फ्रेंच आणि इंग्रज आरमार भिडलं. इंग्रजांनी आपल्या चारही फ्रिगेटी, म्हणजे वेगवान युद्धनौका, गमावल्या. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला नेपोलियनच्या काळातला हा एकमेव आरमारी विजय. फ्रेंचांचा दुपेरे आणि इंग्रजांचा विलोबी, दोन्ही बाजूंचे सेनानी जखमी झाले आणि दोघांवरही याच वाड्यात उपचार झाले. चार महिन्यांत, डिसेंबरमध्ये, इंग्रजांनी उत्तरेकडून उतरून सगळं बेटच घेतलं.

आत १७४४ मध्ये बुडालेल्या सें जेरां जहाजाची घंटा आहे. तिच्यापाशी थांबा. त्या जहाजात इथल्या पहिल्या मोठ्या साखर कारखान्यासाठी फ्रान्सहून मागवलेली यंत्रं होती, ती समुद्रातच राहिली.

डचांची जागा पाहायची असेल तर उत्तरेकडे थोड्या अंतरावरचं व्ह्यू ग्रां पोर गाठा. डच इथे १५९८ मध्ये उतरले. १६३९ मध्ये त्यांनीच जावाहून ऊस आणला. या बेटावर पहिलं उसाचं कांडं त्या किनाऱ्यावर लागलं.

उसात कसं जायचं

ऊस पाहायचा तर जून ते डिसेंबर या काळात या. त्याला ‘ला कूप’ म्हणतात, आपला गळीत हंगाम. आपल्याकडे दसरा-दिवाळीला मोळी पडते, इथे आषाढात. मे-जूनमध्ये तुरे येतात आणि संध्याकाळच्या उन्हात सगळा माळ रुपेरी जांभळा दिसतो. आपल्याकडे एक लागण आणि दोन-तीन खोडवे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा फुटणारी पिकं, घेतले की सरी मोडतात. इथे एकाच लागणीवर सहा-सात खोडवे घेतात. दगडाळ रानात परत परत नांगर घालणं परवडत नाही, हे त्याचं एक कारण.

शेतातून जाणाऱ्या वाटा बहुतेक खाजगी मालकीच्या असतात. फाटक असेल तर आत जाऊ नका. तोडणीच्या दिवसांत उसाने भरलेल्या गाड्या अरुंद रस्त्यांवरून जातात, त्यामुळे सायकल घेतलीत तर कडेने चालवा. उंच उसाच्या वळणावर समोरचं काहीच दिसत नाही.

कारखान्याची धुराडी बऱ्याच गावांत दिसतात, पण बहुतेकांतून धूर येत नाही. एकेकाळी या बेटावर शेकडो गिरण्या होत्या. आज गाळप करणारे कारखाने तीन उरलेत, आणि त्यांतला दक्षिणेचा ला बाराक इथून जवळ आहे. युरोपने १९७५ पासून ठरावीक चढ्या भावाने साखर घेण्याची हमी दिली होती. २००९ मध्ये ती संपली. लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला, काही रानं पडीक राहिली, काहींवर बंगले उभे राहिले. कारखाने आता चिपाडावर वीज करतात आणि खास प्रतीची तपकिरी साखर विकतात. आपल्याकडे उसावर जगणाऱ्या प्रत्येकाने हे येऊन बघावं असं मला मनापासून वाटतं.

समुद्र

माएबूरचा किनारा पोहण्याचा नाही. पोहायला बसने ब्ल्यू बेला जा. तिथलं पाणी संरक्षित सागरी उद्यान आहे, २००८ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहा. पाण्यात उतरलात तर प्रवाळावर पाय ठेवू नका आणि तळपायात जाड रबरी बूट घाला, विषारी काट्यांचा दगडमासा खरोखर दगडासारखा दिसतो. ईल ओ एग्रेत हे २६ हेक्टरचं प्रवाळी बेट प्वांत जेरोमहून होडीने गाठता येतं. मूळचं जंगल, महाकाय कासवं आणि जवळजवळ नाहीशी झालेली गुलाबी कबुतरं तिथे जपली आहेत. वाटाड्या बरोबर असतो, आधी नोंदणी करा.

२५ जुलै २०२० ला वाकाशियो हे मालवाहू जहाज इथून जवळ, प्वांत देनीच्या प्रवाळावर चढलं. ६ ऑगस्टला तेल गळू लागलं, आणि सुमारे हजार टन तेल या खाडीत पसरलं. माएबूरच्या धक्क्यावर माणसं आपणहून जमली. कुणी पाचट आणलं, कुणी कापड, कुणी रिकाम्या बाटल्या. जाळीच्या लांब पिशव्या शिवून त्यांत पाचट दाबून भरलं आणि ते तरंगते बांध पाण्यात सोडले, कारण पाचट तेल शोषून घेतं. शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्या बायांपर्यंत सगळे दिवसच्या दिवस त्या कामाला लागले होते. कोळ्यांशी बोलताना हा विषय आपणहून काढू नका. त्यांनी काढला तर मात्र पूर्ण ऐका, घाईने उठू नका.

वादळाचे दिवस

जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा मुख्य काळ. इशारे १ ते ४ अशा पायऱ्यांनी वाढतात. १ किंवा २ ऐकलंत की पाणी, मेणबत्त्या, बॅटरी आणि चार दिवसांचं खाणं घरात आणा. ३ नंतर बाहेर पडायचं नाही. ४ म्हणजे वादळ माथ्यावर आहे. मधेच वारा एकदम पडला तर ते संपलं असं समजू नका, तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि थोड्याच वेळात उलट दिशेने वारा सुटतो. मोठ्या उपचारांसाठी जवळचं सरकारी रुग्णालय रोझ बेलचं जवाहरलाल नेहरू हॉस्पिटल. रुग्णवाहिका ११४, पोलीस ९९९.

मराठी माणसं भेटली तर

१८३४ नंतर मुंबई बंदरातून गिरमिटिये आले, त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची कुटुंबं होती. त्यांची वस्ती मुख्यतः पश्चिमेला कास्काव्हेल आणि मध्य पठारावर व्हाकोआच्या बाजूला. माएबूरहून बसने क्युरपिपपर्यंत आणि तिथून पुढे जाता येतं. गणेश चतुर्थीला इथे देशभर सुट्टी असते. त्या सुमारास आलात तर नदीकाठी विसर्जनाला जा. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून आजही नाचतात.

बहुतेकजण घरी क्रिओल बोलतात. काही मुलं शाळेत मराठी शिकतात, आजी-आजोबांना आरत्या पाठ असतात. ‘मराठी असून मराठी येत नाही?’ हा प्रश्न कुणाला विचारू नका. सात पिढ्या दूर राहून ज्यांनी आरती टिकवली, त्यांच्याकडे आपण शिकायला बसावं. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करा, तो अर्थ लगेच पोचतो.

निघताना

परतीच्या दिवशी सकाळचं विमान नसेल तर आणखी एकदा बाजारात जा. कसाव्याची बिस्किटं हातातल्या बॅगेतच ठेवा, सामानात टाकली तर चुरा होतो. उसाचं कांडं, बी-बियाणं, शंख किंवा प्रवाळ काहीही घेऊ नका. खिडकी उजवी मिळो की डावी, विमान उठल्यावर पहिली दोन मिनिटं खाली बघत राहा: उसाचे चौकोन, त्यांतले काळे दगडांचे ढीग, आणि त्यांच्यापुढे उपसागराच्या कडेला सरळ रस्त्यांचं ते गाव.